पांढरं सॉकेट

बिल्डिंगमध्ये तिला सगळे टकटकवहिनी म्हणत. धाकट्या दिराने गमतीने ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकवलेलं एक लहान टेबल, कानावर हेडफोन, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत बोटांची टकटक. डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्याची हकीकत फोनमध्ये बोलून ठेवत. ती ऐकायची आणि शब्द न् शब्द टंकून पाठवायची, हे तिचं काम. अकरा वर्षं ती हेच करत होती. एक डॉक्टर शब्द गिळायचे, एक दातांत पेन धरून बोलायचे, एक बाई दर वाक्याला खाकरायच्या. सगळे तिला पाठ.

"माणसाचं आतडं न् आतडं मला ठाऊक आहे," ती जावेला म्हणायची, "फक्त माणूस तेवढा बघायचा राहिलाय."

नवरा परदेशात क्रेन चालवायचा. जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. एका दुपारी त्याच्या कंपनीतल्या माणसाचा फोन आला. "शिडीवरून पाय घसरला. बराच वरून पडले. पाठीला लागलंय. जिवंत आहेत." जिवंत आहेत हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं.

तिकिटाचं कंपनीने बघितलं. बारावीतली मुलगी नणंदेकडे राहायला गेली. राहिला कामाचा प्रश्न. फाइली वाटून देणाऱ्या वरच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "चार दिवस मी सांभाळून घेते. पाचव्या दिवसापासून फाइली गेल्या नाहीत तर तुमचे डॉक्टर दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील. आणि एकदा दिले की परत मागता यायचे नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे." माहीत होतंच. नवऱ्याचे हात थांबले होते, आता घर चालणार ते हिच्या बोटांवर. तिने लॅपटॉप साडीत गुंडाळला आणि बॅगेत घातला.

लॅपटॉप म्हातारा झाला होता. बॅटरी फुगलेली, प्लग काढला की जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं तग धरायची. खालच्या मजल्यावरच्या वायरमन भावोजींना तिने चार्जर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून त्या काळ्या विटेवरची बारीक अक्षरं वाचली. "शंभर ते दोनशे चाळीस लिहिलंय. म्हणजे कुठल्याही देशातली वीज हा पचवेल. काळजी करायची ती पिनांची. तुमच्या या जाड गोल पिना तिथल्या भिंतीत शिरायच्या नाहीत. अडॅप्टर लागेल. पण वहिनी, रस्त्यावरचा घेऊ नका. आत फ्यूज असलेला, घट्ट बसणारा, चांगल्या दुकानातला घ्या."

चांगलं दुकान रविवारी बंद होतं आणि विमान रविवारीच होतं. तिने फुटपाथवरून घेतला. पांढरा, हलका, अंड्याच्या टरफलासारखा. वर लिहिलेलं होतं की हा सगळ्या जगात चालतो.

चालायचा, पण अंगठ्याने दाबून धरला तर. वाटेत विमान बदलायचं होतं, तिथल्या विमानतळावर ती खांबाजवळ जमिनीवर बसली आणि एका हाताने अडॅप्टर भिंतीशी दाबून धरत दुसऱ्या हाताने मुलीला निरोप टंकला. सोडला की चार्जिंगचा दिवा जायचा. दाबला की यायचा. शेजारी बसलेल्या एका प्रवाशाने ते पाहून कागदाची घडी करून दिली. ती फटीत खोचली तेव्हा कुठे अडॅप्टर जागेवर बसला.

नवरा सहा खाटांच्या वॉर्डात होता. भिंतीकडून दुसरी खाट. तोंड सुजलेलं, डोळे मात्र तेच. ती दिसल्यावर त्याने पहिलं वाक्य काय म्हणावं? "पोरीची परीक्षा जवळ आली ना? तू कशाला आलीस?"

"अहो, असं काय बोलता!"

"पाय आहेत का माझे, बघ जरा. मला समजत नाही."

तिने चादर वर केली. पाय होते. तिने अंगठा चिमटला, मग घोटा, मग गुडघा. तो छताकडे बघत वाट पाहत राहिला. "चिमटलास का?" त्याने विचारलं. "अजून नाही," ती म्हणाली आणि चादर खाली ओढली. अकरा वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा टंकलं असेल, कमरेखाली संवेदना नाही. टंकताना त्याला वजन नसायचं.

राहायला कंपनीच्या कामगारांच्या वसाहतीत एक खोली मिळाली. लोखंडी पलंग, एक खुर्ची, भिंतीला एक बोर्ड. पण कामगार सकाळी साइटवर गेले की तिथला राखणदार मेन स्विच पाडायचा, तो संध्याकाळी सहाला वर करायचा. तिने विनवून पाहिलं.

"रिकाम्या खोल्यांना वीज कशाला?"

"रिकामी कुठे? मी आहे ना."

"तुम्ही पाहुण्या," तो म्हणाला. त्याच्या वहीत पाहुण्यांना वीज नव्हती.

फाइली यायच्या त्या नेमक्या दिवसा. चार दिवस सुट्टीचे गेले. पाचव्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलभर वीज शोधत फिरली, पाणी शोधत फिरावं तशी. व्हरांड्यात पाण्याच्या कूलरमागे एक जागा होती, तिथे तासभर बसली, तर फरशी घासायचं यंत्र आलं आणि तिचा प्लग उपटून स्वतःचा लावून मोकळं झालं. तळमजल्याच्या चहाच्या दुकानात सगळी सॉकेटं फ्रिजने अडवली होती. चौकशीच्या खिडकीशी बसली तर पहारेकऱ्याने उठवलं. त्या दिवशी नऊपैकी तीनच फाइली गेल्या. संध्याकाळी वरच्या बाईंचा निरोप आला, एका ओळीचा. उद्या सगळ्या हव्यात.

नवऱ्याच्या पलीकडची, खिडकीजवळची खाट एका म्हाताऱ्याची होती. जन्म दगड कापायच्या कारखान्यात गेलेला, छातीत आता धूळच उरलेली. त्याच्या उशाशी छोट्या कपाटाएवढं एक यंत्र दिवसरात्र घुरघुरायचं, हवेतून ऑक्सिजन गाळून नळीवाटे त्याच्या नाकात सोडायचं. सोबतीला त्याची थोरली बहीण असायची. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं, आयुष्यभर एका घरात राहिलेली दोघं. बहिणीचं इंग्रजी आणि टकटकवहिनीचं इंग्रजी सारखंच लंगडं, म्हणून दोघींचं छान जमलं. वहिनी तिला मावशी म्हणू लागली. त्याचा अर्थ काय, म्हातारीने विचारलं. आईची बहीण, असं सांगितल्यावर ती तोंडावर हात घेऊन हसली. "मी फक्त भावाचीच बहीण होते. चला, बढती मिळाली."

तिनेच सुचवलं. "इथे लाव ना तुझं यंत्र. भिंतीत जागा आहे."

खाटांमागच्या भिंतीत दोन लाल सॉकेटं होती आणि दोन पांढरी. लाल जनरेटरवरची, उपकरणांसाठी. त्यातलं म्हाताऱ्याच्या बाजूचं तुटलेलं होतं, वर चिकटपट्टी मारलेली, म्हणून त्याचं यंत्र पांढऱ्यात लावलेलं. दुसरं पांढरं रिकामं. वहिनीने दिवसपाळीच्या सिस्टरला विचारलं. सिस्टर घाईत होती. "लालला हात लावायचा नाही. पांढऱ्यात थोडा वेळ चालेल. पण मोठ्या सिस्टरच्या नजरेस पडू देऊ नका, नाहीतर मी मेले."

एवढी परवानगी मिळाली तसा वहिनीचा जीव भांड्यात पडला. सहाव्या दिवशी तिने अडॅप्टर लावला, कागदाची घडी खोचली, दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसून नवऱ्याच्या अंथरुणाच्या कडेवर लॅपटॉप ठेवला. नवऱ्याला दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं, तो गाढ झोपला होता. अकराच्या सुमारास म्हातारी उठली.

"खाली औषध आणायचंय. रांग असते. भावाकडे बघशील?"

"जा तुम्ही निर्धास्त. मी आहे."

म्हाताऱ्याने नळी लावलेल्या नाकाखाली ओठ हलवून वहिनीकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली, शाळेतली मुलं हजेरीला करतात तशी. तीही हसली. मग तिने हेडफोन कानावर चढवले.

फाइल दातांत पेन धरणाऱ्या डॉक्टरांची होती. आवाज पुरता वाढवल्याशिवाय त्यांचं काही कळत नसे. तिने वाढवला. एका बाईच्या फुप्फुसांची लांबलचक हकीकत होती. ती तिच्यात शिरली ती शिरलीच. आदल्या दिवसाची नामुष्की धुऊन काढायची होती. बोटं सुटली. मध्ये एकदा मान वर करून तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून निजलेला होता. घुरघुर तिला तशीही ऐकू येत नव्हती. पुन्हा मान खाली.

पडद्यावर खाली कोपऱ्यात लाल पट्टी आली. बॅटरी संपत आली आहे, चार्जर लावा.

लावलेला तर आहे, तिला वाटलं. तिने वळून बोर्डकडे बघितलं. अडॅप्टर जागेवर होता, पण त्याच्या एका बाजूला काळा डाग पडला होता, मेणबत्तीची ज्योत लागल्यासारखा. तिने हेडफोन काढले. तेव्हा ऐकू आलं. यंत्राची घुरघुर नव्हती. त्या जागी बारीक आवाजात एकसारखं टीं, टीं, टीं चाललं होतं.

ती खाटेला वळसा घालून खिडकीकडे धावली. म्हाताऱ्याचे ओठ जांभळे झाले होते. डोळे अर्धे उघडे. एक हात खाटेच्या गजाबाहेर लोंबत होता.

ती मराठीतच किंचाळली. "अहो, कुणी या! धावा!" भाषा कुणाला कळली नाही, पण किंचाळी कळायला भाषा लागत नाही. सिस्टर आली, मागून दोघे आले, सिलेंडर घरंगळत आला, तोंडावर मास्क चढला. कुणीतरी तिला भिंतीकडे ढकललं. तिथे उभ्या उभ्या तिने अडॅप्टर उपटला आणि पर्समध्ये टाकला. का टाकला, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळ विचारलं. हात आपोआप गेला, एवढंच उत्तर मिळायचं, आणि ते तिला पटायचं नाही.

लॅपटॉप वीज गेल्यावरही चालत राहतो. तेच नडलं. भिंत मेली तेव्हा दिवा गेला असता, पंखा थांबला असता, तर तिने मान वर केली असती. पण अक्षरं तशीच उमटत राहिली. पडदा नेहमीपेक्षा थोडा मंद झाला असेल, तो तिच्या नजरेत भरला नाही. किती वेळ गेला याचा हिशोब मात्र चोख होता, कारण लॅपटॉप स्वतःच लिहून ठेवतो, चार्जर कधी तुटला ते. अठरा मिनिटं.

वायरमन आला. कोपऱ्यातला खटका वर केला. "या भिंतीतली लाइन जुनीच आहे," तो म्हणाला, "महिन्यातून दोनदा पडते." यंत्र पुन्हा घुरघुरू लागलं. म्हातारी औषधाची पिशवी घेऊन आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की वीज गेली होती. तिने भावाच्या कपाळावर हात ठेवला, मग वळून वहिनीचे दोन्ही हात धरले. "तू ओरडलीस म्हणून वाचला."

वहिनीने हात सोडवून घेतले आणि पर्स काखेत घट्ट धरली.

म्हातारा शुद्धीवर आला नाही. अधूनमधून पापण्या हलायच्या. डॉक्टर येऊन छातीला नळी लावून जायचे. ते आपसात डॉक्टरी इंग्रजीत काय बोलतात हे वॉर्डात फक्त वहिनीला कळत होतं. मेंदूला कमी पडलं होतं. म्हातारी तिला विचारायची, "काय म्हणाले?" आणि ती सांगायची, "बघू या म्हणाले." त्या दोन दिवसांत तिने लॅपटॉप उघडला नाही. वरच्या बाईंचे निरोप येत राहिले, मग थांबले. नवऱ्याने विचारलं, "तुझं काम?" ती म्हणाली, "सुट्टी वाढवून मिळाली."

तिसऱ्या सकाळी खिडकीजवळची खाट रिकामी होती. गादी उलटी करून उन्हात टाकलेली. व्हरांड्याच्या बाकावर म्हातारी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत त्याच्या चपला, चष्मा आणि कंगवा. वहिनी जवळ गेली तसं तिने सरकून जागा करून दिली.

"पहाटे गेला," म्हातारी म्हणाली. "त्याला त्रास झाला नाही म्हणतात. तुझ्यामुळे मला हे दोन दिवस मिळाले, हात धरून बसायला मिळालं. देव तुझं भलं करो."

हे ऐकून घ्यायचं आणि आत नवऱ्याकडे जायचं, एवढंच करायचं होतं. कुणी विचारत नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. पण तो आशीर्वाद तिला पेलेना. तिने पर्समधून अडॅप्टर काढला आणि दोघींच्या मध्ये बाकावर ठेवला.

"मावशी, वीज आपली आपण गेली नव्हती. यामुळे गेली. माझ्या. हा खराब होता, मला माहीत होतं की घट्ट बसत नाही. आणि यंत्र बंद पडलं तेव्हा मी तिथेच होते. अठरा मिनिटं. कानात हेडफोन होते. मला ऐकूच आलं नाही."

लंगड्या इंग्रजीत ते फार उघडंनागडं निघालं. आडपडदा ठेवायला तिच्याकडे शब्दच नव्हते.

म्हातारीने अडॅप्टरला हात लावला नाही. बराच वेळ ती पिशवीच्या बंदाची गाठ सोडत आणि पुन्हा मारत राहिली. मग तिने विचारलं, "त्याने मला हाक मारली का?"

"मला माहीत नाही, मावशी."

"तो घाबरला की मला हाक मारतो. लहानपणापासून."

"मला ऐकू आलं नसतं."

म्हातारीने मान हलवली, हळूहळू, जणू एखादा लांबचा पत्ता समजून घेत होती. "हे तू मला सांगायला नको होतंस," ती म्हणाली. "तू सांगून मोकळी झालीस. आता मी हे घेऊन त्या घरात एकटीने राहायचं." ती उठली. पिशवी छातीशी धरून जिन्याकडे चालू लागली. वहिनी मागे गेली तेव्हा न वळता तिने फक्त हात आडवा केला. नको.

वहिनी तिथून सरळ मोठ्या सिस्टरच्या खोलीत गेली आणि सगळं पुन्हा सांगितलं. दिवसपाळीच्या सिस्टरचं नाव मात्र घेतलं नाही, कुणाला न विचारता लावला म्हणाली. मोठी सिस्टर रागावली नाही. तिने खुर्ची दिली. "लेखी द्यावं लागेल. तुम्ही टंकू शकता?" लॅपटॉप केव्हाच मेलेला होता. सिस्टरने कपाटातून स्वतःचा अडॅप्टर काढून दिला, जाड, काळा, वजनदार. तो भिंतीत टक्कन बसला. वहिनीने एक पानभर मजकूर टंकला. सवयीने तिच्या बोटांतून तेच उतरलं जे रोज उतरायचं: रुग्ण, वय अमुक, ऑक्सिजन खंडित, कालावधी अठरा मिनिटं. ते वाचून तिला स्वतःचीच शिसारी आली. सगळं पुसून तिने "मी" या शब्दाने पुन्हा सुरुवात केली.

त्या दिवसापासून तिला भेटीच्या तासाभरापुरताच वॉर्डात प्रवेश मिळू लागला. नवऱ्याला कारण सांगावंच लागलं. तो छताकडे बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मी शेजारीच होतो गं. मी जागा असतो तर."

महिन्याभराने ती त्याला स्ट्रेचरवरून घरी घेऊन आली. तिचे डॉक्टर दुसऱ्यांकडे गेले होते ते गेलेच. पुष्कळ मिनतवाऱ्या करून चार महिन्यांनी नवीन मिळाले, आधीपेक्षा कमी आणि जास्त अस्पष्ट बोलणारे. आता ती एकच कान झाकून काम करायची, दुसरा नवऱ्याच्या खोलीसाठी मोकळा. त्यामुळे चुका व्हायच्या आणि फाइली परत यायच्या.

वर्षाच्या आत हॉस्पिटलचं पत्र आलं. चौकशी पूर्ण झाली आहे, वायरिंगमध्ये दोष आढळला, कोणाही व्यक्तीवर ठपका ठेवण्यात आलेला नाही. मुलीने ते बापाला वाचून दाखवलं. तो खाटेवरून म्हणाला, "झालं. सुटलीस."

"त्यांनी सोडलं," ती म्हणाली.

तिने हॉस्पिटलला उलट पत्र लिहिलं, त्या बहिणीचा पत्ता मिळेल का म्हणून. नातेवाइकांचे पत्ते देता येत नाहीत, असं उत्तर आलं. तिने पुन्हा लिहिलं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. तिसरं लिहायला घेतलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, पत्ता मिळाला तर काय लिहिणार आहेस तिला?"

आतून नवऱ्याने कूस बदलायला हाक मारली, तशी ती उठून आत गेली.